चाल तीच, बोलणारी वेगळी

नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला प्रवरा नदीवर ब्रिटिश सरकारने बांधलेलं धरण १९२६ साली पुरं झालं. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. सुमारे ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत माणसांनी हातांनी रचली. पाणी मात्र अकोल्याच्या डोंगरात थांबलं नाही. कालव्यांनी ते खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या काळ्या रानात गेलं. तिथे ऊस उभा राहिला, हरेगावला खासगी साखर कारखाना निघाला आणि १९५० च्या सुमारास लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखान्याचं धुराडं पेटलं. महाराष्ट्रातल्या सहकाराची गोष्ट सांगताना सगळे इथूनच सुरुवात करतात. याच पाण्याची दुसरी गोष्ट एका गाण्यात आहे, आणि ते गाणं अकोले तालुक्यातच जन्मलेल्या माणसाचं आहे.

दया पवार १९३५ साली धामणगावात जन्मले. ‘बलुतं’ हे त्यांचं आत्मकथन १९७८ साली आलं आणि मराठी वाचकाला गावकुसाबाहेरचं जग त्याच्या स्वतःच्या भाषेत वाचावं लागलं. त्याआधी, १९७४ मध्ये ‘कोंडवाडा’ हा कवितासंग्रह आला होता. पण त्यांची सर्वांत दूर पोचलेली रचना बहुधा धरणावरचं गाणं ही आहे. धरणाच्या कामावर राबणारी एक बाई त्यात बोलते. पहाटे दळण उरकून ती कामावर येते, दगडमाती वाहते, लेकरू तिथंच कुठेतरी पडलेलं असतं. तिच्या घामावर दुसऱ्याचा मळा फुलतो आणि तिला स्वतःला पाण्यासाठी वणवण करावी लागते. हे गाणं कोणत्याही एका धरणाचं नाव घेत नाही. म्हणूनच ते कुठल्याही धरणावर म्हणता येतं. विस्थापितांच्या मोर्चांत, स्त्रियांच्या शिबिरांत, पाणी परिषदांत ते पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं गेलं आहे. गाणाऱ्या कित्येक जणींना कवीचं नाव ठाऊक नसतं, त्या त्याला लोकगीतच समजतात.

असं का झालं असावं? माझ्या मते या गाण्याची सगळी करामत त्याच्या चालण्यात आहे. ते जात्याच्या आणि उखळाच्या लयीत चालतं. महाराष्ट्रातल्या बायकांनी शतकानुशतकं पहाटे जात्यावर ओव्या म्हटल्या. त्यांत माहेर होतं, भाऊ होता, विठ्ठल होता, सासरचा जाच होता. ही लय ऐकू आली की आता कोणीतरी बाई आपलं मन मोकळं करणार, हे ऐकणाऱ्याला आधीच कळतं. दया पवारांनी ती ओळखीची लय घेतली आणि जात्यापाशी बसलेल्या बाईला धरणाच्या भिंतीवर उभं केलं. मनातलं दुःख तेच, पण आता त्याला सासूचं नाव नव्हतं. त्याला पाटबंधाऱ्याचं, कालव्याचं, उसाचं नाव होतं. घोषणा एकही नाही, शिवी नाही, तरी अख्ख्या सिंचनाच्या अर्थशास्त्रावर एवढा थेट आरोप मी दुसरीकडे वाचलेला नाही.

गाण्यातल्या या पाण्याच्याच वाटेवर एप्रिल २०२३ मध्ये किसान सभेने अकोल्याहून लोणीकडे पायी मोर्चा काढला. वनजमिनी, दुधाचा भाव, पिकांची भरपाई अशा मागण्या घेऊन हजारो शेतकरी आणि आदिवासी भर उन्हात निघाले. मंत्री भेटायला आल्यावर संगमनेर तालुक्यात धांदरफळजवळ मोर्चा थांबला. नकाशा समोर ठेवला तर दिसतं, की ही वाट जवळजवळ प्रवरेच्या काठाकाठाची आहे. ज्या दिशेने पाणी जातं त्याच दिशेने माणसं निघाली होती.

आता पुन्हा गाण्याकडे. बंडाच्या गाण्याबद्दल आपली एक रूढ कल्पना आहे. ते कर्कश असणार, शब्द जळते असणार, परंपरा मोडणारं काहीतरी नवं त्यात असणार. रॉक संगीताबद्दल तर ही कल्पना अधिकच पक्की आहे. विजेची गिटार, लांब केस, कान फाडणारा आवाज म्हणजे बंड, असंच आपण धरून चालतो. पण जी गाणी खरोखर टिकली, सरकारांना खुपली, तुरुंगात आणि मोर्चात म्हटली गेली, त्यांच्याकडे नीट पाहिलं तर उलटच दिसतं. त्यांतल्या बहुतेकांनी नवी चाल शोधलीच नाही. लोकांच्या तोंडी आधीपासून असलेली, बऱ्याचदा देवळातली, दरबारातली किंवा चर्चमधली चाल त्यांनी उचलली आणि तिच्यात बोलणारा माणूस बदलला. हे नगर जिल्ह्याच्या दोनअडीचशे वर्षांच्या गाण्यात जितकं स्वच्छ दिसतं तितकंच अमेरिकेच्या रॉकमध्येही दिसतं.

अनंत फंदी संगमनेरचे, काळ १७४४ ते १८१९. घराणं ब्राह्मणाचं, हातात तमाशाचा डफ. जिल्ह्याला २०२४ साली जिचं नाव मिळालं ती अहिल्याबाई होळकरही याच जिल्ह्यातल्या चौंडीची लेक. आख्यायिका अशी, की तिने फंदींना तमाशा सोडायला सांगितलं, त्यांनी डफ फोडला आणि कीर्तनाला उभे राहिले. खरंखोटं कसंही असो, फंदींच्या रचनेत डफ आणि कीर्तन दोन्ही आहेत. त्यांनी रुळवलेला फटका हा प्रकार त्यामुळेच जमला. आठ-आठ मात्रांच्या ठेक्यात लांब ओळ पळत येते आणि शेवटी एकाच क्रियापदावर आदळते. ऐकणाऱ्याला दुसऱ्याच ओळीला तो शेवट आधीच कळतो आणि तो तोंडाने पुरा करतो. फंदींचा सर्वांत गाजलेला फटका तसा सनातन उपदेशाचा आहे, त्यात बंड नाही. पण हे हत्यार किती धारदार आहे हे मराठी कवींना त्यातूनच कळलं. पुढच्या दीडशे वर्षांत सुधारकांनी, राष्ट्रवाद्यांनी, समाजवाद्यांनी आपापले फटके त्याच साच्यात ओतले.

फंदी राज्यकर्त्यालाही सोडत नसत. १७९५ साली नगर जिल्ह्यातल्या खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवलं, त्या विजयाचे पोवाडे झाले. सवाई माधवरावांच्या मृत्यूवर फंदींनी ‘माधवनिधन’ रचलं. दुसऱ्या बाजीरावाच्या कारभारावर मात्र त्यांनी कोरडे ओढले. वाडवडिलांच्या वेळच्या चाकरांना उपाशी ठेवलं आणि नालायकांना पोसलं, ही त्यांची तक्रार होती. पोवाडा हा मुळात आश्रयदात्याची कीर्ती गाण्याचा प्रकार. त्याच प्रकारात आश्रयदात्याचा हिशेब मागणं, तेही पेशवाई जिवंत असताना, याला छाती लागते.

पोवाड्याची खरी उलथापालथ महात्मा फुल्यांनी केली. १८६९ साली त्यांनी शिवाजी महाराजांचा पोवाडा छापला. १६५९ च्या अफझलखान वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आजवर मिळालेल्यांत सर्वांत जुना धरतात. तिथून फुल्यांपर्यंत दोनशे वर्षं शिवाजीची गोष्ट गायली जात होतीच. फुल्यांनी चाल बदलली नाही, वीरही बदलला नाही. तो वीर कोणाचा, हे बदललं. त्यांच्या पोवाड्यातला शिवाजी गोब्राह्मणप्रतिपालक नव्हता, तो कुळवाड्यांचा राजा होता, कुणब्याच्या घरचा. डफाची थाप तीच राहिली आणि इतिहासाचा मालक बदलला.

याच वाटेने नगर जिल्ह्यात एक विलक्षण माणूस चालला. मुकुंदराव पाटील हे सत्यशोधक कृष्णराव भालेकरांचे पुत्र, दत्तक म्हणून नेवासे तालुक्यातल्या तरवडीला आलेले. भालेकरांनी १८७७ साली ‘दीनबंधु’ काढलं होतं. मुकुंदरावांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ चालवलं, आणि ते तरवडीसारख्या खेड्यातून, १९६७ मध्ये त्यांचा अंत होईपर्यंत. पुण्यामुंबईत वृत्तपत्रं कर्जाने बुडत होती त्या काळात एका खेड्यातून साप्ताहिक सत्तावन्न वर्षं निघावं, हे आपल्या पत्रकारितेच्या इतिहासात अजून पुरेसं सांगितलं गेलेलं नाही.

मुकुंदरावांचं इथे कारण म्हणजे त्यांचं ‘कुलकर्णी लीलामृत’. हे १९१३ साली आलं. गावोगाव घरात पोथ्या वाचल्या जात. श्रावणात, एकादशीला, आजारपणात एखादा वाचणारा मांडी घालून बसे आणि बाकीचे हात जोडून ऐकत. लीलामृत म्हटलं की देवाच्या लीला. मुकुंदरावांनी तीच ओवी घेतली, तोच थाट घेतला, आणि देवाच्या जागी गावच्या कुलकर्ण्याला बसवलं. दप्तर त्याच्या हाती, लिहिता-वाचता तोच. खोटं खत कसं करतो, अडाणी कुणब्याला कसं अडकवतो, सावकाराशी कसं संगनमत करतो, या त्याच्या लीला. जे अक्षर न येणाऱ्याला वर्तमानपत्रातून कळलं नसतं ते त्याने पोथी म्हणून ऐकलं. ओवी तर त्याच्या कानात लहानपणापासूनच होती. आणि हे घडलं कुठे, तर नेवासे तालुक्यात, जिथे ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ संस्कृतातून काढून ओवीत सांगितला. ज्ञान ज्यांना नाकारलं होतं त्यांच्यापर्यंत ते पोचवायला ज्ञानेश्वरांनी जो छंद वापरला, तोच मुकुंदरावांनी जमिनीचा दस्तऐवज समजावायला वापरला. माझ्या दृष्टीने ही दोन कामं एकमेकांपासून फार लांबची नाहीत.

पोथी घरात बसून ऐकायची, जलसा मात्र गर्दीचा. अकोल्याची हद्द ओलांडली की पलीकडे जुन्नर तालुक्यात ओतूर आहे. तिथल्या भीमराव महामुनींचं नाव सत्यशोधक जलशाच्या पहिल्या जलसाकारांत घेतात. जलशाचा आराखडा तमाशाचाच होता. तमाशात आधी गण, मग गौळण, मग बतावणी, लावणी, शेवटी वग. जलसाकारांनी हा क्रम लोकांच्या अंगवळणी पडलेला आहे हे ओळखलं आणि एकेका घरातलं सामान बदललं. गणात देवाची स्तुती कमी होऊन निर्मिकाची, पुढे माणसाची आणि विद्येची आली. कृष्णाने वाट अडवलेल्या गौळणींच्या जागी समाजाने वाट अडवलेली माणसं आली. बतावणीत सोंगाड्याची जी वाकडी बुद्धी असे ती आता भटजीला आणि सावकाराला प्रश्न विचारू लागली. शृंगाराची लावणी आणि बाईचा नाच काढून टाकला. वगात राजाराणीच्या ऐवजी कर्जबाजारी कुणब्याचं घर आलं. लोक तमाशा बघायला म्हणून येत आणि सावकाराचं व्याज कसं चढतं ते शिकून जात.

आंबेडकरी जलशाने हाच आराखडा आणखी पुढे नेला. नाशिक भागातले भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती १९३० च्या दशकात गावोगाव फिरले. पाण्याचा हक्क, मंदिरप्रवेश, मेलेली ढोरं ओढण्याचं काम सोडणं, मुलांना शाळेत घालणं, हे त्यांचे विषय. दिवसा मजुरी करणारी माणसं रात्री गॅसबत्तीच्या उजेडात उभी राहत. त्यांच्या मागून आलेले वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, म्हणजे अकोले-संगमनेरचे शेजारी. मोठेपणी, मुंबईत, दुकानांच्या पाट्या वाचत ते अक्षर शिकले. पहिलं गाणं त्यांनी १९४३ साली रचलं, आणि ते एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर. पुढे त्यांनी हजारो गाणी लिहिली. सिनेमाच्या चालीवरची गाणी म्हणून सुशिक्षित समीक्षकांनी त्यांच्याकडे बरीच वर्षं नाक मुरडून पाहिलं, हे मला फार अन्यायाचं वाटतं. गिरणीतून सुटलेल्या, एकदा ऐकून गाणं पाठ करायचं असलेल्या माणसाला ठाऊक असलेली चाल द्यायची, की नवा राग शिकवत बसायचं? वामनदादांनी लोकांचा वेळ वाचवला.

अमेरिकेत जो हिल नावाचा एक स्वीडिश स्थलांतरित मजूर नेमकं हेच करत होता. तिथे मजुरांच्या सभांच्या शेजारी साल्व्हेशन आर्मीची बँड पथकं मुद्दाम स्तोत्रं वाजवत. जो हिलने त्या स्तोत्रांच्याच चाली घेतल्या आणि १९११ च्या सुमारास त्यांवर नवे शब्द बसवले. मेल्यावर स्वर्गात जेवायला मिळेल असं सांगणाऱ्या धर्मोपदेशकाला त्याने आज भाकरी का नाही असं विचारलं. बँड वाजायला लागला की मजूर त्याचेच शब्द म्हणत, म्हणजे साथसंगत विरोधकांनीच पुरवली. १९१५ साली युटा राज्यात खुनाच्या आरोपावरून त्याला गोळ्या घालून मृत्युदंड दिला गेला. तो खटला न्याय्य होता का, यावर अजून वाद आहे.

रॉकचा जन्मही असाच देवळाच्या दारात झाला. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये पुरोहित एक ओळ म्हणे आणि जमाव तिला उत्तर देई. शेतात गुलाम म्हणून राबताना म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांतही ही हाक आणि प्रतिसाद होता. १९५४ साली रे चार्ल्सने येशूच्या स्तुतीच्या एका गीतावर बेतून एका बाईवरचं प्रेमगीत केलं आणि कितीतरी श्रद्धाळू माणसं दुखावली. त्या दुखावण्यातूनच रिदम अँड ब्लूज आणि सोल हे प्रवाह जोमात आले, आणि त्यांच्या शेजारीच रॉक वाढलं. बॉब डिलनचं ‘ब्लोइंग इन द विंड’ जगभर गाजलं, १९६३ पासून नागरी हक्कांच्या चळवळीत म्हटलं गेलं. त्याची चाल गुलामांच्या एका जुन्या भजनावरून घेतल्याचं डिलनने स्वतःच सांगितलं आहे. लिलावाच्या ओट्यावर आता आम्ही उभे राहणार नाही असं सांगणारं ते भजन. गोऱ्या तरुणाच्या तोंडी ते आलं तरी चालीत तो लिलावाचा ओटा होताच.

१९६९ सालच्या सहा आठवड्यांकडे पाहावं. १८ जुलैला अण्णा भाऊ साठे गेले. २९ ऑगस्टला इंदापूरजवळच्या अपघातात शाहीर अमर शेख गेले. त्यांच्या मधे, १८ ऑगस्टच्या सकाळी, अमेरिकेत वुडस्टॉकच्या महोत्सवात जिमी हेंड्रिक्सने गिटारवर देशाचं राष्ट्रगीत वाजवलं. शब्द एकही नाही. स्वर ओळखीचे, पण मधेच ताणून, फाडून, भोंग्यासारखे केलेले. त्यात विमानं आणि बाँब ऐकू येत होते आणि ऐकणाऱ्याला ते व्हिएतनाममधले आहेत हे सांगावं लागत नव्हतं. सरकारचंच गाणं सरकारला परत ऐकवणं, याहून मोठा निषेध त्या पिढीच्या संगीतात झाला नसेल.

अण्णा भाऊंनी हेच लावणीत केलं होतं. १९४४ मध्ये त्यांनी, अमर शेखांनी आणि द. ना. गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ गावोगाव गाजली. मुंबईला पोटासाठी आलेला गडी गावाकडच्या मैनेसाठी झुरतो, ही विरहाची जुनीच तऱ्हा. ते झुरणं ऐकता ऐकता, बेळगाव-कारवारसह तुटून पडलेला मुलूखच त्या मैनेच्या जागी येतो. राज्यपुनर्रचना आयोगाचा अहवाल सामान्य माणूस वाचणार नव्हता, पण ताटातूट त्याला समजत होती. अमर शेखांचा पहाडी आवाज मैदानभर पोचे तेव्हा ध्वनिक्षेपक बंद पडला तरी सभा थांबत नसे, असं त्यांना ऐकलेली माणसं सांगत.

एवढं साम्य असूनही एका ठिकाणी या दोन परंपरा वेगळ्या होतात, आणि मला ते ठिकाण महत्त्वाचं वाटतं. शाहिराच्या मागे झीलकरी असतात. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, जी जी करत पुढे ढकलतात. झील हे कलेचं अंग आहे तसंच संघटनेचंही. शाहिराला अटक झाली तर मागचा झीलकरी पुढे येऊन तेच गाऊ शकतो, कारण त्याला सगळं पाठ असतं. श्रोत्यांपैकी निम्मे लोक तिसऱ्या कडव्याला झीलकरी झालेले असतात. रॉकमध्ये ही जागा हळूहळू वाद्यांनी आणि विजेने घेतली. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा प्रेक्षकांतून हुर्यो उठली. याची कारणं अनेक सांगतात, ध्वनियंत्रणा खराब होती हेही त्यात आहे. पण कालपर्यंत त्याच्यासोबत म्हणता येणारं गाणं आता फक्त ऐकायचं उरलं, ही हुरहूरही त्यात असणार असं मला वाटतं. आवाज मोठा झाला, आणि त्या आवाजापुढे समोरच्या माणसाचं तोंड बंद झालं.

आपल्याकडे हेच डीजेने केलं आहे. जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकभर स्पीकरच्या भिंतीसमोर पोरं नाचतात, छाती हादरते, पण ओळ कोणी म्हणत नाही, कारण म्हटली तरी स्वतःलाच ऐकू येत नाही. त्याच वेळी एकतारी घेऊन गाणाऱ्या कडूबाई खरातांचं गाणं मोबाइलवरून लाखो घरांत गेलं आणि बायका ते भांडी घासताना म्हणू लागल्या. ताकद कशात जास्त, हे डेसिबलवर ठरत नाही.

सत्तेला मात्र ही ताकद बरोबर कळते. लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर मुंबई सरकारने बंदी घातली होती. चेकोस्लोव्हाकियात १९६८ च्या सोव्हिएत आक्रमणानंतर ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ नावाचा रॉक बँड निघाला. त्यांच्या गाण्यांत राजकारण फारसं नव्हतंच. त्यांना सरकारी परवान्याशिवाय, आपल्या मर्जीने वाजवायचं होतं, एवढंच. १९७६ साली त्यांच्यावर खटला भरला गेला. एका बँडला तुरुंगात टाकणारी राजवट उद्या कोणालाही टाकेल, हे लेखकांना आणि प्राध्यापकांना तेव्हा उमगलं. त्यातून जानेवारी १९७७ मध्ये ‘चार्टर ७७’ हे निवेदन आलं आणि त्यावर सही करणारा वाक्लाव हावेल बारा वर्षांनी राष्ट्राध्यक्ष झाला.

महाराष्ट्रातलं उदाहरण ताजं आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धनांनी त्यांच्यापासून सुरुवात करून चौदा वर्षं चित्रीकरण केलं आणि ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट झाला. त्यात पुण्याच्या कबीर कला मंचाची तरुण मुलं गाताना दिसतात. हा मंच २००२ नंतर उभा राहिला. त्यांतल्या शीतल साठे आणि सचिन माळी यांनी एप्रिल २०१३ मध्ये विधानभवनासमोर स्वतःला पोलिसांच्या हवाली केलं. माओवाद्यांशी संबंधाचा आरोप त्यांनी नाकारला. आम्ही गाणी म्हणतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. शीतल साठेंना गरोदरपणामुळे काही महिन्यांत जामीन मिळाला, सचिन माळींना त्यासाठी २०१७ साल उजाडलं. याच वातावरणातून चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ हा चित्रपट २०१४ मध्ये आला. त्यातला म्हातारा शाहीर वीरा साथीदारांनी उभा केला आणि गाणी संभाजी भगतांची आहेत. एका माणसाने गटारात उतरून जीव दिला तो तुझं गाणं ऐकून, असा आरोप या शाहिरावर ठेवला जातो. गाण्याने एवढं घडतं असं शाहिरांपेक्षा सरकारी वकिलालाच जास्त वाटतं, आणि त्या विश्वासाची किंमत म्हातारा तारखांवर तारखा भरून चुकवतो.

आजच्या पोरांचा डफ रॅप आहे. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलाबद्दल ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं. त्यात मराठी रॅप करणारा एमसी मवाली आहे आणि आरेतल्या आदिवासी पाड्यातले प्रकाश भोईर आहेत. भोईरांचा सूर आधी येतो, बीट त्याच्या पायाने चालतं. नगर जिल्ह्यातल्या एखाद्या पोराने उद्या फोनवर असं काही रचायला घेतलं तर त्याला मालमसाला शोधायला लांब जावं लागणार नाही. संगमनेरच्या फटक्याचा ठेका सरळ रॅपच्या चौकटीत बसतो, म्हणून बघा, आठ मात्रांना आठ. नेवाशाची ओवी आहे. जात्यावरच्या ओव्या तर गी पॉइटव्हाँ आणि हेमा राइरकर यांनी आणि त्यांच्या सोबतिणींनी मोठ्या कष्टाने गोळा केल्या. त्या एक लाखाहून अधिक आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी आज इंटरनेटवर गाणाऱ्या बाईच्या नावासह, गावासह, तिच्या आवाजात ऐकता येतात. त्या बायकांनी दारुड्या नवऱ्याबद्दल, सीतेच्या वनवासाबद्दल, भीमरायाबद्दल जे म्हणून ठेवलं आहे, ते ऐकल्याशिवाय मराठीत बंडाचं गाणं लिहायला बसू नये असं मला मनापासून वाटतं.

ऐकून झालं की उसनं जरूर घ्यावं. फक्त घेताना त्या बाईचं नाव सांगावं. दया पवारांचं गाणं मोर्चात म्हणताना त्यांचंही.